बारा खुर्च्या, एक पडदा

“बाई, मला किती?”

माझा पहिलाच आठवडा होता. भिंतीवरच्या टीव्हीवर मी जुन्या नटनट्यांचे फोटो लावले होते. फोटोखाली चार पर्याय, बरोबर उत्तराला हिरवी खूण आणि टाळ्या, चुकीच्या उत्तराला लाल फुली आणि ‘टर्र’ असा आवाज. दहा फोटो संपले आणि कलेक्टर कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या काकांनी मला हा प्रश्न विचारला. तीस वर्षं शाळेत संगणक शिकवलेल्या बाईला त्याचं एकच उत्तर देता येतं. मी पडद्याकडे पाहून म्हटलं, “दहापैकी चार.”

काका काही बोलले नाहीत. उठले, शबनम खांद्याला अडकवली, चपला घातल्या आणि दाराजवळच्या बाकावर जाऊन बसले. घरी सोडणारी गाडी चारला येते. तेव्हा पावणेबारा वाजले होते. मधे जेवायलासुद्धा उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांना आदल्या दिवसातलं काहीच आठवत नव्हतं. मी कोण हेही नव्हतं. पण मी रिमोट हातात घेतला की ते खुर्ची मागे सरकवायचे. केंद्रातल्या मानसशास्त्रज्ञ मुलीनं मला एका अभ्यासाबद्दल सांगितलं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात अल्झायमर झालेल्यांना दुःखी आणि आनंदी चित्रपटांचे तुकडे दाखवले होते. काय पाहिलं ते त्यांच्या लक्षात राहिलं नाही, पण त्यानं आलेली मनःस्थिती बराच वेळ टिकून राहिली. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. मला त्याचा पुरावा त्या बाकावर आधीच मिळाला होता.

आमचं केंद्र म्हणजे पुण्यातल्या एका जुन्या बंगल्याचा तळमजला. अकरा ते चार. बारा खुर्च्या, एक लांब टेबल, भिंतीवर मोठा टीव्ही, दोन मदतनीस मावशी, ती मानसशास्त्रज्ञ मुलगी, आणि आठवड्यातून तीन दिवस मी, ‘ॲक्टिव्हिटी’वाली. येणारे सगळे स्मृतिभ्रंशाचे. घरचे सुरुवातीला तो शब्द वापरत नाहीत. ‘बाबांचं हल्ली जरा विसरायला होतं’, ‘आईचा स्वभाव बदललाय’ असं काहीबाही सांगतात. शेजारी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मोकळे झालेले असतात. त्यातून वर्ष-दोन वर्षं जातात आणि मग एक दिवस आई दूध आणायला म्हणून निघते ती थेट स्वारगेटला सापडते.

संगणकाची बाई आहे म्हटल्यावर मला डिजिटल खेळांचं खातं मिळालं. खेळ तयारच होते, बाहेरच्या देशांत बनवलेले. एकात सुपरमार्केटची ढकलगाडी घेऊन सफरचंदं आणि ब्रोकोली गोळा करायची. एका आजींनी ब्रोकोली बघून “हा फ्लॉवर सडलाय” असा निकाल दिला आणि काही केल्या गाडीत घातला नाही. खेळानं त्यांना शून्य गुण दिले. खरं तर भाजी घेताना दाखवायला हवी ती सगळी अक्कल त्यांनी दाखवली होती. बरोबर उत्तर आलं की एक बाई अमेरिकी सुरात ‘वेल डन’ म्हणायची. ती कुठून बोलते हे शोधायला दोघं-तिघं मान वळवून मागे बघायचे.

मग बोटांचा प्रश्न. शाळेत टॅब्लेट न चालणं म्हणजे बॅटरी संपलेली, एवढंच मला माहीत होतं. इथं बॅटरी भरलेली असायची आणि बोट चालायचं नाही. टॅब्लेटची काच बोटातून जाणाऱ्या अगदी बारीक विजेवर चालते आणि म्हातारपणी कातडी इतकी कोरडी होते की काचेला बोट लागल्याचं कळतच नाही. त्यात आमच्या मंडळींच्या हाताला दाराची बेल दाबायची सवय. एकदा बोट ठेवलं की उचलायचंच नाही. एरवी हळुवार असणारे एक आजोबा काचेवर अंगठा असा रेटायचे की जणू कागदावर अंगठा उठवताहेत. आम्ही टेबलावर ओला नॅपकिन ठेवायला सुरुवात केली. नोटा मोजणाऱ्या कॅशिअरसारखं बोट टेकवायचं आणि मग काचेवर. बँकेत नोकरी केलेल्या एका मावशींना हे शिकवावंच लागलं नाही.

रंगांचीही गंमत. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं, निळ्या-हिरव्यातला फरक पुसट होतो. हिरव्या पानांत निळी फुलपाखरं शोधा असा खेळ मी मोठ्या हौसेनं लावला होता. कुणालाच काही सापडेना. मी मनातल्या मनात त्याचा दोष आजाराला देऊन टाकला होता. एका मावशीनं येऊन फुलपाखरं लाल करता येतील का, असं विचारलं आणि पाच मिनिटांत सगळी फुलपाखरं सापडली.

पण चूक बोटांत नव्हती, रंगांतही नव्हती. चूक माझ्या ‘कोण सांगेल?’मध्ये होती. मानसशास्त्रज्ञ मुलीनं मला ‘कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी’ नावाच्या पद्धतीची माहिती वाचायला दिली. इंग्लंडमध्ये तयार झालेली ही पद्धत गटाची आहे. पाच ते आठ माणसं, आठवड्यातून दोनदा, सात आठवडे, म्हणजे चौदा बैठका. चेन्नईत तिचं तमिळ रूपही केलं गेलंय. तिच्या नियमांतला एक माझ्या डोक्यात लख्ख बसला: माहिती विचारू नका, मत विचारा. माहितीला एक उत्तर असतं आणि ते चुकू शकतं. मत चुकत नाही.

पुढच्या मंगळवारी मी तेच फोटो लावले. पर्याय काढले, फुली काढली, ‘टर्र’ काढला. पडद्यावर दोनच चेहरे, देव आनंद आणि दिलीपकुमार, आणि प्रश्न एकच: जावई म्हणून कोण चालेल? पहिल्यांदा शांतता. मी मनात वीसपर्यंत मोजले. हे वीस आकडे मोजायला शिकणं मला संगणकाच्या कुठल्याही भाषेपेक्षा कठीण गेलं. अठराच्या सुमाराला कोपऱ्यातून आवाज आला, “दोघंही नकोत. सिनेमावाले रात्री-बेरात्री घरी येतात.” त्यावर दुसरी, “हा पहिला एका जागी बसेल का?” हेडक्लार्क काकांची खुर्ची अजून मागेच होती. पण तिथूनच ते म्हणाले, “पगार काय आहे ते आधी विचारा.” अर्धा तास तो खेळ चालला. दोघांपैकी एकाचंही नाव कुणी घेतलं नाही, आणि कुणाचं काही अडलंही नाही.

त्या दिवशी मला गटाचा अर्थ थोडा कळला. आपण एकट्या माणसाला प्रश्न विचारतो तेव्हा न आलेलं उत्तर त्याच्या एकट्याच्या अंगावर पडतं. आठ जणांच्या मधे टाकलेला प्रश्न कुणाच्याच मालकीचा नसतो. आला त्याला आला, नाही आला तर जमिनीवर पडला. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचा दिवस सकाळपासून परीक्षेतच जात असतो. आज वार कोणता, गोळी घेतली का, जेवलात ना आत्ताच. आणि सगळ्यात अवघड पेपर परदेशातून येतो. रविवारी न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉल लागतो आणि नातू विचारतो, “आबा, ओळखा पाहू मी कोण?” घरचे सगळे मागे उभे राहून निकालाची वाट बघत असतात.

टेबलावरचा खेळ आला तो एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या चार मुलांमुळे. नेदरलँड्समध्ये ‘तोवरताफेल’, म्हणजे जादूचं टेबल, नावाचं एक यंत्र आहे. डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात हेस्टर अँडरिसेन ल रीश यांनी स्मृतिभ्रंशामुळे तासन्‌तास स्वस्थ बसून राहणाऱ्या माणसांसाठी काय करता येईल यावर संशोधन केलं, त्यातून ते जन्माला आलं. छतावरून टेबलावर प्रकाशाची चित्रं पडतात आणि हात फिरवला की ती हलतात. पानं सरकतात, चेंडू घरंगळतो. मुलांनी त्याचा व्हिडिओ पाहिला आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून आमच्यासाठी तसलं काहीतरी करायचं ठरवलं. कॉलेजातला जुना प्रोजेक्टर, जुन्या बाजारातून आणलेला मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट कॅमेरा आणि बरीच चिकटपट्टी.

त्यांचा पहिला खेळ तळ्यातल्या माशांचा होता. दिवे मंद झाले, टेबलभर निळं पाणी पसरलं, आणि एका आजोबांनी घाईघाईनं आपलं वर्तमानपत्र, चष्म्याचं घर आणि शेजारणीची पर्स उचलून छातीशी धरली. “भिजेल ना!” मुलं हसली. आजोबांची बायको त्यांना सोडायला आली होती, तीही हसली. मग तिचे डोळे भरून आले. तळं त्याच दिवशी बुजवलं. दुसऱ्या खेळात टेबलावरून लाल किडे चालायचे, त्यांना बोटानं हाकलायचं. तो सुरू करण्याआधीच मानसशास्त्रज्ञ मुलीनं थांबवला. आमच्यातल्या एकांना लुई बॉडी प्रकारचा स्मृतिभ्रंश आहे. त्यात नसलेली माणसं, प्राणी, किडे खरोखर दिसतात. जे त्यांना अंथरुणावर दिसून छळतं, ते आपण टेबलावर आणून सोडायचं का?

मग तांदूळ निवडायचा खेळ झाला. ही कल्पना मावशींची. पांढरे दाणे, मधे काळे खडे, बोटानं खडा टेबलाच्या कडेला ढकलायचा. मुलांनी त्यात वेळ लावलेली घंटा आणि ‘लेव्हल दोन’ घातली होती. ती काढायला सांगितल्यावर त्यांचे चेहरे पडले. “मग मॅडम, संपणार कसं?” मी म्हटलं, तांदूळ निवडणं कधी संपतं का?

त्या खेळाबद्दल मी तासभर बोलू शकेन. महिनोन्‌महिने मांडीवर हात ठेवून बसलेल्या एका आजी होत्या. घरी त्यांची सून त्यांना कपडे घालायची, भरवायची. पहिल्याच दिवशी त्यांचा हात टेबलावर गेला आणि बोटं चालायला लागली. डोळ्यांच्या आधी बोटं. नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग अल्झायमरमध्ये लवकर ढासळतो, पण हातांना लागलेल्या सवयी मेंदूत दुसरीकडे राहतात आणि बऱ्याच उशिरापर्यंत तग धरतात. हे मी वाचलं होतं. पण त्यांनी मान वर न करता “सूप द्या गं कुणीतरी” म्हटलं तेव्हा ते पाहिलं. त्या आपल्या बाजूचे खडे शेजारणीच्या बाजूला ढकलायच्या. शेजारीण ते परत पाठवायची. चार दिवसांनी दोघी एकमेकींकडे बघून खुदुखुदु हसत होत्या आणि टेबलाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. माझ्या मते तिथं खेळ जिंकला. पडद्यावरून नजर उठून समोरच्या माणसाकडे जाते, तेवढ्यापुरताच पडद्याचा उपयोग.

हे सगळं माझ्यापेक्षा मावशींना जास्त चांगलं जमतं, हेही सांगून टाकते. मी कौतुक करते. “वा आजी, छान!” त्यात शाळा असते. मावशी खऱ्याखुऱ्या खेळतात. “आजी, माझ्या अंगणात खडे टाकता होय? थांबा, दाखवते!” असं म्हणून खरोखर खडे परत ढकलतात. कधी हरतात, कधी जिंकून नाचतात. त्यांनी कुठला कोर्स केलेला नाही.

हाउजीला मात्र आमच्याकडे स्वतंत्र अध्यक्ष आहेत. एसटीत कंडक्टर होते ते अण्णा. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली. अण्णा तिच्या बऱ्याच नंतरचे, पण त्यांना विचाराल तर पहिल्या गाडीतही तेच होते. मुलाचं नाव कधी आठवतं, कधी नाही. आवाज मात्र तसाच खणखणीत. खेळ सुरू झाल्याची सूचना म्हणून संगणक एक सनईसारखं काहीतरी वाजवायचा. ते काढून आम्ही घंटेचा आवाज घातला आणि मोठं लाल बटण अण्णांच्या हातात दिलं. एक टोल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. डबल बेल दिल्याशिवाय पडद्यावर पुढचा आकडा येत नाही. आकडा आला की अण्णा तो असा पुकारतात की रस्त्यावरच्या माणसालाही कळावं. मधेच “पुढं सरका, पुढं सरका” म्हणतात आणि सगळे खरंच खुर्च्या पुढे सरकवतात. पंधरा आकड्यांचं तिकीट जड जातं, म्हणून आमच्या तिकिटावर पाचच आकडे, तेही बोटभर मोठे. एकदा आकडा लागूनही कुणी हात वर करेना. अण्णा म्हणाले, “तिकीट राहिलंय का कुणाचं?” हेडक्लार्क काकांनी आपलं तिकीट पुढे केलं. आकडा त्यांचा नव्हता. अण्णांनी ते तपासल्यासारखं केलं आणि सन्मानानं परत दिलं.

सगळंच असं गोड नसतं. फोटो हळूहळू उघडायचा एक खेळ आहे. पडद्यावर चौकोन, एकेक चौकोन दूर होतो, खालचं चित्र दिसत जातं. जुन्या पुण्याचे फोटो लावावेत म्हणून मी हौसेनं ते गोळा केले: डेक्कन क्वीन, मंडई, तुळशीबाग. आणि पानशेतचा पूर. १२ जुलै १९६१ ही तारीख ज्यांनी पाहिली त्यांना ती सांगावी लागत नाही, म्हणून मला तो फोटो हमखास बोलका वाटला होता. चौथा चौकोन उघडला, पाण्यात अर्धा बुडालेला वाडा दिसला आणि एक आजी उभ्या राहिल्या. धाकट्या भावाला हाका मारायला लागल्या. तो वर गेलाय का, त्याला वर घ्या, वर घ्या. आठवण सांगत नव्हत्या त्या, पुरात होत्या. मी टीव्ही बंद केला, “आजी, तो पूर केव्हाच गेला” वगैरे बोलले. काही उपयोग झाला नाही. वेळेची भिंत पडलेली असताना ‘केव्हाच’ या शब्दाला काय अर्थ?

शेजारच्या तांदळाच्या आजींनी त्यांचा पदर ओढला. म्हणाल्या, “आमच्याकडे चल. आमचं घर पर्वतीपाशी आहे, तिकडं पाणी येत नाही. भाऊ तिथंच आहे.” त्या बसल्या. दोघी बराच वेळ हात धरून होत्या. मी तो फोटो काढून टाकला. आता नवीन माणूस आला की घरच्यांकडून आयुष्यातल्या मोठ्या घटना लिहून घेतो, त्यांत काय लावायचं नाही याचा वेगळा रकाना असतो.

घरचे विचारतात, “काही फरक पडतोय का?” मी सरळ सांगते, स्मरणशक्ती परत येत नाही. मेंदूचा व्यायाम म्हणून विकल्या जाणाऱ्या ॲपांवर माझा विश्वास नाही. विसराळूपणा आणि स्मृतिभ्रंश टळतो अशा जाहिराती पुराव्याशिवाय केल्याबद्दल अमेरिकेत २०१६ साली अशा एका कंपनीला वीस लाख डॉलर मोजावे लागले. फरक पडतो तो दुसऱ्या गोष्टींत. ज्या दिवशी खेळ झाला त्या दिवशी दोन घास जास्त जातात. तीनच्या सुमाराला सुरू होणारं ‘मला घरी जायचंय’ थोडं उशिरा सुरू होतं. हे मी वहीत लिहिते, पण त्यावरून काही सिद्ध झालं असं म्हणत नाही. एका मुलानं तोच तांदळाचा खेळ टॅब्लेटवर घालून मागितला. दिला. पंधरा दिवसांनी परत आणून म्हणाला, आई हातच लावत नाही. कसं खेळता, विचारलं. आई खुर्चीत, आणि हा मागे उभा राहून “तो बघ, तो राहिला”. म्हटलं, तू समोर बस आणि खडे तिच्याकडे ढकल.

गेल्या वर्षी एका कंपनीनं आम्हाला दहा टॅब्लेट भेट दिले. समारंभ झाला, भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे असा आकडा भाषणात आला, आणि फोटोसाठी दहा जणांच्या हातात दहा टॅब्लेट दिले गेले. त्या फोटोत दहा माना खाली आहेत आणि कुणीही कुणाकडे बघत नाहीये. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण आम्हाला दहा पडदे नको होते, एक मोठा पडदा हवा होता आणि मराठीत आकडे पुकारणारा माणसाचा आवाज. दोन टॅब्लेट वापरात आहेत, आठ कपाटात.

हेडक्लार्क काकांची खुर्ची आता ओळीत असते. परवा हाउजी संपल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, “बाई, मला किती?” मी म्हटलं, “तुम्ही सांगा, काका.” त्यांनी माझी वही घेतली, सगळ्यांची हजेरी लावली आणि खाली सही केली. तारीख १९८४ ची घातली.

आमच्याकडे खेळायला माणसं कमी पडतात. तुमच्या गावात, गल्लीत असं केंद्र असेल तर एखाद्या सकाळी तासभर जा. गेल्यावर ‘ओळखलंत का?’ विचारू नका. आपलं नाव सांगून बसा, आणि तिकीट मागून घ्या.